पाठमोरा ट्रंपेट

पितळ चिंचेनं घासलं की उजळतं, पण नळीच्या वळणात काळं राहतंच.

*

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर पाटी आहे: जुन्या लग्नाच्या कॅसेट पेन ड्राइव्हवर करून मिळतील. खाली लहान अक्षरांत: बुरशी आलेल्यासुद्धा.

*

टोकावड्याच्या ढाब्यावरचा कुत्रा बँडच्या टेम्पोवर भुंकत नाही. सगळे उतरतात, तो पडून असतो. शेवटी जगन उतरतो. तेव्हा कुत्रा उठतो, जगनच्या मागं जिथं कोणीच नसतं तिथं बघतो आणि शेपूट घालून बाकड्याखाली जातो.

*

काळ्यापांढऱ्या चित्रात बारीक टायवाला एक अमेरिकन माणूस ट्रंपेट ओठांना लावण्याआधी समोरच्या लोकांकडं बघून हसतो. पुढच्या दातांत फट आहे.

*

तारपा वाजवणाऱ्याला पाठ दाखवायची नाही.

*

एका नवरीच्या आईची तक्रार: बाजा झकास झाला, पण त्या वाजवणाऱ्याचं तोंड काय आमाला दिसलं नाय.

*

हे सगळे धागे एकाच माणसाच्या कोटाचे आहेत, हे रविनाच्या ध्यानात यायला एक उन्हाळा गेला.

रविना म्हणजे जगनची मुलगी. त्या पाटीच्या आत, हितेशच्या फोटो स्टुडिओत, ती कामाला होती. कॅसेट यंत्रात सारायची, समोर कोणाचं तरी जुनं लग्न लागायचं, आणि ते संपेपर्यंत बसून राहायचं. तिनं अशी इतकी लग्नं पाहिली होती की तिला स्वतःचं करायचा कंटाळा आला होता, असं हितेश म्हणायचा. जगन किन्हवलीच्या कमळाकरशेठच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. लाल कोट, पाठीवर सोनेरी नाडीचं मोठं कमळ. त्याचा बाप बुधू डोंगरातल्या वाडीवर तारपा वाजवायचा. भोपळ्याचा फुगा आणि पुढं लांब कर्णा असलेला तो बाजा फुंकताना बुधूचा दम म्हणे तुटायचाच नाही. दम बापाचा आला, बाजा तेवढा पितळेचा झाला.

बापाला कोणीतरी चांगला वाजवणारा दाखवावा, एवढ्याच हेतूनं रविनानं फोनवर तो अमेरिकावाला शोधून काढला. जाझ वाजवणारा. त्याचं नाव जगनच्या जिभेवर बसेना, म्हणून तो अमेरिकावाला. त्याच्या आयुष्यभराच्या मैफली कोणीतरी ओळीनं लावून ठेवल्या होत्या, पोरसवदा होता तिथपासून थेट म्हातारपणापर्यंत.

सुरू

लग्न नसलं की दुपारी दोघं ओट्यावर बसायची. फोन तांब्याला टेकवलेला.

पहिल्या मैफलीत अमेरिकावाला लोकांच्या अंगावर धावून आल्यासारखा वाजवत होता. जगननं मान डोलवली. पोरगा दमाचा आहे, म्हणाला, पण थांबत नाही. ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा ठेवत नाही. पुढच्या मैफलीत तो थांबायला शिकला होता. एक सूर काढायचा आणि सोडून द्यायचा, जणू विहिरीत खडा टाकून कान लावलाय. जगन हसला. बाप असंच करायचा, म्हणाला.

मग रंगीत चित्रं आली. कुठल्यातरी देशातलं उघडं मैदान, गवतावर बसलेली माणसं. अमेरिकावाला आता तिरका उभा होता. त्याचा एकच गाल दिसत होता. नंतरच्या मैफलीत नुसता कान. नंतर मान.

जगन हसायचा थांबला.

खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं, ते रविनानं त्याला वाचून सांगितलं. कोणी म्हणे तो गर्विष्ठ, प्रेक्षकांना पाठ दाखवतो. कोणी म्हणे मागच्या साथीदारांना खुणा करता याव्यात म्हणून वळतो. जगननं ऐकून घेतलं आणि शेवटचं लाव म्हणाला.

शेवटच्या मैफलीत साथीदार नव्हतेच. मंचावर तो एकटा, आणि मागं गडद पडदा. तो पूर्ण पाठमोरा उभा राहून पडद्याकडं तोंड करून वाजवत होता. मध्येच थांबायचा, मान कलती करून ऐकायचा, होकार दिल्यासारखी डोलवायचा आणि पुन्हा वाजवायचा. सूर संपल्यावर प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, पण तो वाकला पडद्याकडं.

“कधी गेला ह्यो?” जगननं विचारलं.

रविनानं बघून सांगितलं. त्याच हिवाळ्यात.

“जाणारच. पुरा फिरला ना.”

थांबा

मग जगननं तिला बुधूची गोष्ट सांगितली. याआधी कधी सांगितली नव्हती.

तारप्याच्या नाचात वाजवणारा मध्ये आणि नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती. एकमेकांच्या कमरेला हात घातलेला. वाजवणारा वळेल तिकडं रांग धावते, त्याच्या तोंडासमोर राहते. त्याला पाठ कोणी दाखवायची नाही, आणि त्याची पाठ कोणी बघायची नाही. कारण वाजवणाऱ्याच्या तोंडासमोर जागा मोकळी राहिली की ती मोकळी राहत नाही. गेलेले येऊन उभे राहतात. त्यांनाही नाच आवडतोच. आणि त्यांच्यासाठी वाजवायला लागला की माणूस त्यांच्याकडंच जातो.

त्या वर्षी निम्मी वाडी दिवाळीआधीच भिवंडीकडं वीटभट्टीला गेली होती. रांग आखूड होती. बुधू खळ्यावर वाजवता वाजवता फिरला, आणि रांग त्याच्या पुढं पोचली नाही. रांगेत पहिली होती सावळी, जगनची बायको, रविनाची आई. वाडीवर तिच्यासारखं पाऊल कोणाचं पडत नसे. ती एकटी पळायला बघत होती. बाकीचे भिऊन थिजले आणि तिच्या कमरेतला हात कोणी सोडेना. तिला ओढून धरलं त्यांनी. बुधू अंधाऱ्या बांधाकडं तोंड करून वाजवत राहिला, भाताच्या मळणीआधी गेला. त्यानंतर वाडीवर तारपा वाजलाच नाही.

हे सांगून जगन उठला आणि ट्रंपेटला चिंच लावायला बसला.

मागे

दुसऱ्या आठवड्यात स्टुडिओत सरळगावच्या एका घरची कॅसेट आली. बुरशी पुसून रविनानं ती लावली, तर वरातीत तिचा बाप. काळेभोर केस, नवा कोट, गालफडं फुगलेली, नजर सरळ कॅमेऱ्यात.

ती हसली. मग तिला तो कान आठवला.

हितेशकडं सगळ्या लग्नांच्या प्रती कपाटात असायच्या. तिनं कमळाकरशेठच्या बँडची लग्नं वेगळी काढली आणि जुन्यापासून ओळीनं लावली. बाप समोर. बाप समोर. बाप जरासा तिरका. वाटलं, नवरदेवाला वाट देतोय. मग एकच गाल. मग बरीच वर्षं तेच. मग कान, कानावर पांढरे केस. गेल्या महिन्यातल्या लग्नात कोटाची शिवण आणि पाठीवरचं अर्धं कमळ.

हितेश मागं येऊन उभा राहिला. “तुझा बाप कॅमेऱ्याला लाजतो गो. नव्या नवरीपेक्षा जास्त.”

राहिलेलं अर्धं कमळ रविना मनात पुरं करून बघत होती.

घरी गेल्यावर तिनं बापाला सरळच विचारलं, वाजवताना वळतोस का? जगन चक्रावला. त्याला ते खरंच कळलं नाही.

“मी कशाला वळू? मी तर माणसांकडंच तोंड करून वाजवतो.” वर म्हणाला, “हल्ली गर्दी पण चांगली असते.”

तिनं लग्नाला जाऊ नको म्हणून पाहिलं. पाय दुखतो सांग, ताप सांग. पण टोकावड्याच्या लग्नाचा शब्द गेला होता, आणि शब्द दिलेल्या लग्नाला वाजवणारा गेला नाही तर नवऱ्याला अपशकुन. जगन कोट झटकून अंगात घालत होता. रविना म्हणाली, मग मी पण येते.

पुढे

मुहूर्त दुपारचा. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं. टेम्पो ढाब्यापाशी थांबला, कुत्रा उठला, बघितलं, बाकड्याखाली गेला. हितेश कॅमेरा घेऊन नवरदेवाच्या घोड्यापुढं उलटा चालत होता. वरात मांडवाशी आली, पोरं नाचायला लागली, आणि जगननं ट्रंपेट वर केला.

गाणं लग्नातलंच होतं. पहिलं कडवं संपलं आणि त्याचा डावा पाय सरकला. खांदा वळला. कोणाच्या लक्षात आलं नाही. ढोलवाला ढोल बडवत होता, करवल्या एकमेकींचे फोटो काढत होत्या. जगन दाराचं कवाड वाऱ्यानं फिरावं तसा सावकाश फिरत होता. मांडवाच्या मागं नांगरलेलं, उन्हानं भेगाळलेलं मोकळं शेत होतं. तोंड तिकडं.

अख्खं कमळ दिसायला आलं तशी रविना पळाली. ढोलवाल्याच्या कडेनं, मांडवाच्या दोरीखालून वाकून, आणि शेतात उतरून बापाच्या तोंडासमोर उभी राहिली.

त्यानं ट्रंपेट ओठांवरून काढला. सूर तेवढ्यानं थांबला नाही. थोडा वेळ हवेत तसाच उभा राहिला.

“तू कशाला आलीस इकडं? बाजू हो गो. तुझ्या मागं हायत त्यांना दिसत नाय.”

रविनाला मागं वळून बघायची इतकी इच्छा झाली की मान दुखली. पण मागं वळायचं म्हणजे वाजवणाऱ्याला पाठ दाखवायची. उन्हातसुद्धा तिच्या मानेवर गार लागत होतं. विहिरीच्या काठाशी बसल्यावर लागतं तसं.

“मीच हाय रांग,” ती म्हणाली. “वाजव.”

तो वाजवायला लागला. तिनं डावा पाय टाकला, उजवा आणून आपटला, पुन्हा डावा. तोंड बापाकडं, चाल कडेकडेनं. एकटीची रांग ती केवढी! पण कुठं पडायचं ते पायांना माहीत होतं. तिच्या कमरेला हात आला, बांगड्यांचा, गार. तिनं बघितलं नाही. आपलाही हात तिकडं नेला आणि तो रिकामा राहिला नाही. हातानं तिला पुढं ओढलं, ती धावली, आणि जगन तिच्या तोंडामागं वळत गेला, शेताकडून दोरीकडं, दोरीकडून मांडवाकडं. शेवटी त्याच्यासमोर नवरदेव होता, घोडा होता, हसणारी पोरं होती. पोरं म्हणत होती, बघा बघा, बापलेक नाचतात.

जगननं डोळे चोळले. “गर्दी कमी झाली,” म्हणाला.

जेवणाच्या पंगतीत वाडीवरची म्हातारी मंगळी रविनाशेजारी बसली. ती त्या खळ्यावरच्या रांगेतली होती. भात कालवता कालवता रविनाच्या पायांकडं बघत राहिली.

“पाऊल बराबर पडलं तुझं,” शेवटी म्हणाली. “कोनाकडनं शिकलीस गो?”

कोणाकडनंच नाही, रविना म्हणाली. समोर जगन ट्रंपेट पेटीत ठेवत होता. पेटीची कडी लावून तो तिच्याकडं आला आणि म्हणाला, आता लग्न असलं की तुला यायला लागंल. ती हो म्हणाली.

हितेशच्या व्हिडिओत ती एकटीच दिसते. डावा हात आडवा, कोपरात वाकलेला. कमरेपाशी पिवळ्या ड्रेसला चुण्या पडल्यात, बोटांनी घट्ट धरल्यासारख्या. चित्र खराब आलंय म्हणून तेवढा भाग कापू का, असं त्यानं विचारलं होतं. ती नको म्हणाली.

सावळी वारली तेव्हा रविना रांगत होती.