मागच्या डाव्या चाकाचा शॉकअप

मी बोलतोय. खाली वाका, जरा आणखी खाली. पिकअपच्या मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला चिखलाने माखलेली एक जाड नळी दिसतेय ना? तोच मी. पाटीवरचं नाव शॉक अब्सॉर्बर, गॅरेजवाले शॉकअप म्हणतात, आणि घरातली माणसं काहीच म्हणत नाहीत. माझं काम नीट चाललं असलं की मी आहे हेही कुणाच्या लक्षात नसतं.

आधीच सांगून ठेवतो, मी जात्याच घाबरट आहे. धंदाच तसा आहे हो माझा! खड्डा आला की चाक उसळतं, स्प्रिंगचे पोलादी पाटे नाचायला लागतात, आणि "बस करा आता" म्हणून त्यांना आवरायचं काम माझं. पोटात तेल आणि दाबून भरलेला वायू, बाहेर धूळ. पुढचा खड्डा केवढा असेल या काळजीतच माझा दिवस जातो. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला विचारा, मी तर कायमचाच टांगलेला.

या गाडीबरोबर मी जन्मलो नाही. ज्या कारखान्यात गाडी झाली तिथला मी नव्हेच. माझा कारखाना वेगळा, मी मागाहून घरात आलेला. सावत्र म्हणा हवं तर. तिथे एका यंत्राने मला इतक्या वेळा दाबलं आणि ओढलं की जगात यापेक्षा वाईट काही नसेल असं मला वाटलं. नंतर मला दाबून एक पट्टा बांधला, माझ्या जुळ्या भावाशेजारी खोक्यात निजवलं, आणि आम्ही एका दुकानाच्या वरच्या फळीवर जाऊन पडलो. भाऊ शांत स्वभावाचा. मी मात्र दुकानाचं दार वाजलं की धसकायचो.

एके दिवशी खाली कुणीतरी विचारलं, "यातला सगळ्यात मऊ कोणता?"

"अहो, गादी घ्यायला आलात की शॉकअप?" दुकानदार हसला.

"बायकोला दवाखान्यातून घरी आणायचंय," तो माणूस म्हणाला. "मणक्याचं ऑपरेशन झालंय."

दुकानदाराचं हसू तिथेच थांबलं. त्याने शिडी लावून आमचंच खोकं काढलं. "हे न्या. गाडी रिकामी असली तरी उडू देणार नाहीत."

झालं! लाकूड न्या, सिमेंट न्या, कपाटं न्या, माझी काही हरकत नाही. पण नुकताच टाके घातलेला माणूस?

तो माणूस सुतार होता. त्याच्या कामाच्या शेडमध्ये खोकं उघडलं तेव्हा सगळीकडे भुसा, रंध्याच्या साली, भिंतीला टेकवलेली दारं. पुढे-मागे दोन सीटची केबिन आणि मागे हौदा असलेली पिकअप मधोमध उभी होती. आणि गाडीखाली शिरून, निम्मं अंग बाहेर ठेवून, सुताराचा मेहुणा मोठमोठ्याने मतं देत होता. त्याला घरात सगळे वकीलसाहेब म्हणायचे. वकिली शिकलेला नव्हता तो, पण समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याची हरकत तयार असायची.

त्या दोघांच्या बोलण्यातूनच मला सगळं कळलं. गाडी चालवायची ती सुताराची बायको, वकीलसाहेबांची ताई. नवरा दारं, कपाटं करायचा आणि ती घरोघर पोचवायची. दोघांचा संसार असा अर्धा शेडमध्ये आणि अर्धा रस्त्यावर. मागचे शॉकअप गेलेत, गाडी नुसती आपटतेय, असं ती कितीदा सांगत होती. सुतार म्हणायचा, हे एवढं कपाट झालं की बघतो. त्या कपाटामागून दुसरं कपाट यायचं. मग एका घरी कपाट उतरवताना ती जी खाली बसली, ती उठलीच नाही.

"डॉक्टर ॲम्ब्युलन्सचं म्हणत होते की," सुतार म्हणाला.

"आणि ताई ऐकणारेय?" वकीलसाहेब गाडीखालून म्हणाले. "'माझ्या गाडीतून येईन, नाहीतर इथेच राहीन.' शेवटी डॉक्टरांनीच हात टेकले. मागच्या सीटवर निजवून न्या म्हणाले, पण गचका बसता कामा नये. बसला तर पुन्हा टेबलावर. त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय, दाजी!"

"मला दोनदा सांगितलंय," सुतार हळूच म्हणाला.

गाडी जॅकने उचलली. जॅकवर विश्वास नाही म्हणून सुताराने खाली जाड लाकडी ठोकळे रचले, कोपरे गोल घासलेले, जणू गाडी त्यावर बसून जेवणार होती. जुन्या शॉकअपांचे बोल्ट गंजून बसलेले. तेल सोडलं, ठोकलं, शिव्या घातल्या, तेव्हा कुठे निघाले. जुना निघाला तो तेलाने ओलागच्च, दाबला की दाबलेलाच राहायचा. त्याच्याकडे बघून माझ्या अंगावर काटा आला. एक दिवस आपणही असेच होणार!

मग सुताराने माझा पट्टा कापला. मी हळूहळू आपोआप लांब झालो, तसा तो दचकून मागे सरला. "अरे, हा जिवंत आहे की काय!"

"वायू असतो त्यात, दाजी. द्या इकडे, मी बसवतो."

"तू उजवा बसव. डावा मी बसवतो. तिचं डोकं डावीकडे येणारेय."

इथे लक्ष द्या. याच ठिकाणी घोटाळा झाला, आणि तो सुतारालाच सुचावा असा होता.

सुतार लाकडात स्क्रू घालतो तेव्हा आधी तो साबणावर घासतो. म्हणजे स्क्रू गुळगुळीत आत जातो, लाकूड चिरत नाही. या माणसाच्या खिशात अंघोळीच्या साबणाचा तुकडा कायमचा. बायको म्हणायची, तुमच्या शर्टाला घामाचा वास कधी आलाच नाही, सगळी कमाई साबणवाल्याची. तर माझ्या खालच्या टोकाचा बोल्ट त्याने हातात घेतला, आणि इकडे तोंडाने बोलत असताना तिकडे हाताने खिशातला साबण काढून आट्यांवर, म्हणजे नट फिरतो त्या खाचांवर, घासलासुद्धा! चांगला चारी बाजूंनी. माझी तर वाचाच बसली. मुळात ती नव्हतीच, ती गोष्ट वेगळी.

बोल्ट मऊसूत आत गेला. नट चढला. पाना फिरायला लागला आणि जिथे खरा जोर लावायचा, नेमका तिथे त्याचा हात थांबला. लाकडाला जपणारा हात तो. अर्धा वेढा जास्त दिला की फळी फाटते हे त्याच्या मनगटाला पाठ. पलीकडे वकीलसाहेब माझ्या भावाचा नट पान्यावर पाय देऊन आवळत होते.

"दाजी, अजून आवळा. अंगातला जोर काय घरी ठेवून आलात?"

"बास झालं. फाटेल."

"लोखंड कधी फाटलंय का?"

"बास म्हटलं ना!"

दुसऱ्या वेळेला त्या वादात वकीलसाहेबांनी हार मानली नसती. पण सुताराचा आवाज असा चिरकला की ते गप्प बसले. बिचारा लोखंडाबद्दल बोलत नव्हता. ते त्यांनाही कळलं असावं.

ठोकळे काढले, गाडी जमिनीवर टेकली, आणि आम्ही दवाखान्याकडे निघालो. गाडी काय छान चालली! भाऊ खूश, पाटे गुमान. पण पहिल्याच खड्ड्यात मला ते जाणवलं. नट केसभर फिरला होता. उलट्या दिशेला.

मनात म्हटलं, भास असेल. मी घाबरटच आहे. दुसरा खड्डा आला, पुन्हा केसभर. आता माझी पाचावर धारण बसली. साबण लावलेल्या आट्या, अर्धवट आवळलेला नट आणि अख्खा रस्ता पुढे! नट निघाला की बोल्ट सरकणार, बोल्ट गेला की माझं खालचं टोक सुटणार, आणि मग डावीकडचे पाटे आवरणार कोण?

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली, त्या वेळात मी मनातल्या मनात ओरडत होतो. कुणीतरी वाका! कुणीतरी बघा! दारातला पहारेकरी येऊन टायरला पाय लावून गेला. टायर बघून सगळ्यांचं समाधान होतं. आमच्याकडे कोण बघतो?

मग चाकाची खुर्ची आली. मला दिसत होते फक्त पाय. तिचे पाय खुर्चीच्या पट्टीवर, मोज्यांतले, स्थिर. सुताराचे पाय मात्र एका जागी ठरत नव्हते.

"हळू. अगं हळू. हं, डोकं इकडे. दुखतंय का? सांग दुखलं तर."

"अहो, मी काय काचेची आहे?" तिचा आवाज बारीक झाला होता, पण धार शाबूत होती. "गाडीला नवीन शॉकअप टाकलेत म्हणे. एकदाचं तुमचं कपाट संपलं वाटतं."

ती निजली. बरोबर माझ्या वरच्या बाजूला तिचं डोकं. सुतार सीटपुढच्या पाय ठेवायच्या जागेत अंग आवळून बसला. वकीलसाहेबांनी गाडी सुरू केली आणि ताईला बरं वाटावं म्हणून रेडिओवर गाणी लावली. मोठ्याने.

तो प्रवास आठवला की अजून माझं तेल गार होतं. ते गाडी हाकत होते अगदी जपून, पण रस्ता खणून ठेवलेला. प्रत्येक खळग्याला नट थोडा थोडा सुटत होता. बोल्ट हलायला लागला, आणि माझं खालचं टोक त्याच्यावर आपटायला लागलं. टक.

आता माझी पंचाईत बघा. गप्प राहणं हाच माझा धर्म. आवाज करणारा शॉकअप म्हणजे नापास शॉकअप. आणि वर ती निजलेली, तिला एवढासाही धक्का लागू नये म्हणून तर मला आणलेलं. पण गप्प राहिलो तर पुढच्या उतारावर सगळंच संपणार होतं. तो उतार मी येताना पाहिला होता, दगड वर आलेले. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपला आवाज व्हावा. मोठा व्हावा. टक. टक.

गाण्यात तो कुणालाच ऐकू येईना.

आणखी एक खळगा. टक! नट शेवटच्या आट्यांवर आला होता. समोर उताराचं वळण. माझ्यात जेवढा जीव होता तेवढा मी त्या एका टकेत घातला.

"रेडिओ बंद कर," वरून आवाज आला.

"काय झालं, ताई?"

"बंद कर म्हणते ना!"

गाणं थांबलं. एक लहानसा खड्डा, आणि मी. टक.

"थांबव गाडी. आत्ता. मागचा डावा सुटलाय."

"अगं, नवीन आहेत ते," सुतार म्हणाला.

"अहो, इतकी वर्षं ही गाडी मी चालवतेय. हिच्या पोटात काय दुखतं ते मला कळतं. खाली उतरा."

तो उतरला, रस्त्यावर पालथा पडला आणि हात आत घातला. त्याच्या बोटाने नुसता स्पर्श केला तर नट त्याच्या तळहातात आला. तो तसाच पडून राहिला. मग त्याने बोटं नाकाशी नेली.

"साबण," तो म्हणाला. "मी साबण लावला गं. सवयीने. तुला काही झालं असतं तर..." पुढे त्याला बोलवेना. रस्त्यावर पडल्या पडल्याच तो रडायला लागला.

मग ती हसली. हसताना टाके ओढले असणार, कारण मध्येच "आई गं" म्हणाली, तरी हसतच राहिली. "लोखंडाला साबण! अहो, तुम्ही एक दिवस मलासुद्धा साबण लावून खिळ्याला टांगाल."

वकीलसाहेब पाना घेऊन पुढे झाले. "सरका दाजी, मी आवळतो."

"तू थांब," ती म्हणाली. "त्यांनाच आवळू दे. आधी फडक्याने बोल्ट कोरडा करा. आटी न आटी पुसा. पुसलं?"

"पुसलं."

"आता लावा पाना."

पाना फिरला. नट चढला, टेकला, आणि सुताराचा हात पुन्हा त्याच जागी थांबला.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"नाही झालं. अजून."

"फाटेल गं."

"काही फाटत नाही." तिचा आवाज आता मऊ झाला होता. "मीपण फाटत नाही. दवाखान्यात मला हात लावायलासुद्धा भीत होतात तुम्ही, बघत होते मी. आवळा. मी बास म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

त्याने आवळलं. दात खाऊन, टाच रस्त्याला रोवून, कुंथत आवळलं. माझ्या टोकातलं रबर गच्च बसलं, बोल्ट कण्हला, आणि तरीही ती बास म्हणेना. शेवटी एकदाची म्हणाली, "बास." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

उतार आला. दगड आले. पाटे नाचायला निघाले, आणि आम्ही दोघा भावांनी त्यांना असं धरलं की वरच्या कपात चहा असता तर सांडला नसता. ती खरंच झोपून गेली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ती पुन्हा गाडी चालवायला लागली. कपाटं उतरवायला आता वकीलसाहेब जातात, हरकती घेत घेत. सुतार रोज सकाळी हात पुसून खाली वाकतो आणि माझा नट चाचपतो. तो कधीच हललेला नसतो, तरी चाचपतो. साबण खिशात आहेच.

अलीकडे माझ्या अंगावर तेलाचा ओला डाग दिसायला लागलाय. म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, त्या जुन्याला मी पाहिलं होतं. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? एक दिवस गाडी पुन्हा ठोकळ्यांवर चढेल, आणि कुणीतरी मला काढायला बसेल. त्याला माझं एवढंच सांगणं आहे. बाबा रे, माझा खालचा बोल्ट सहजासहजी निघणार नाही. तू घामाघूम होशील, शिव्या घालशील, ज्याने आवळला त्याच्या नावाने बोटं मोडशील. घाई करू नकोस आणि त्या माणसावर रागावू नकोस. त्याचा हात केव्हाच थांबला होता. ती बास म्हणाली नव्हती.