कासार गल्लीचा बेंजो

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, टाइपरायटरची बटणे लावलेली ही कसली लाकडी पेटी! हसू नका. मी बेंजो आहे, आता बराच जुना झालो आहे. डाव्या हाताने माझ्या पट्ट्या दाबायच्या आणि उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या, की मी बोलू लागतो. हळद असो की गणपती, माझ्यावाचून आमच्या भागात कुणाचे पाय हलत नसत, असाही एक काळ होता.

माझा जन्म बोईसरच्या कासार गल्लीतला. वाणगावकडचे सुका मिस्त्री तिथे एका खोलीत ढोलक्या मढवत आणि बेंजो बनवत. सागाच्या फळीला रंधा मारता मारता ते मधूनच तिच्यावर टिचकी मारत आणि कान लावून बसत. मला घेतले पुंजारामने. हा जालन्याकडचा गडी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला होता आणि बायको मैनाबाईबरोबर जवळच्या सरावलीत राहत होता. मला त्याच्या हाती देताना मिस्त्री म्हणाले, "घरात नुसता ठेवू नको रं. मानसांत वाजव. हा मानसांचा भुकेला हाय."

पुंजारामने ते मनावर घेतले. कारखान्यातल्या सोबत्यांना जमवून त्याने बेंजो पार्टी काढली. पाळी सुटली की मंडळी थेट कासार गल्लीत यायची आणि कापडदुकानाच्या ओट्यावर सराव चालायचा. काय गल्ली होती ती! बांगड्यांची दुकाने, भांड्यांची दुकाने, कढईतून निघणारी गरम भजी, आणि कोपऱ्यावर सातपाटीच्या कोळीण लाडकी मावशीची सुक्या बोंबलांची पाटी. मावशी गिऱ्हाइकाशी घासाघीस करता करता माझ्या ठेक्यावर मान हलवायची. तिच्या लेकीच्या हळदीला आम्ही सातपाटीला गेलो, तेव्हा बायांनी नाचता नाचता मलाही हळद लावली. तो पिवळा डाग माझ्या लाकडात अजून आहे. मला तो दागिन्यासारखा वाटतो.

मग दिवस पालटले. टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर लादलेले डीजे आले. बेंजो पार्टीला सुपारी मिळेना. बाजारही हलला. मोठ्या रस्त्यावर काचेची नवी दुकाने झाली आणि कासार गल्लीतले एकेक शटर खाली आले ते आलेच. सुका मिस्त्री गेले, त्यांच्या खोलीला कुलूप लागले.

पण माझा आवाज बंद पडला तो त्यामुळे नव्हे. कारखान्यात पुंजाराम ज्या यंत्रावर होता, ते दिवसभर त्याच्या कानाशी गडगडत असे. हळूहळू तो प्रत्येक बोलण्याला "काय?" म्हणू लागला. लोकांना वाटे, याचे लक्ष नसते. एका गणपतीत आरती चालू असताना माझी तार उतरली. मी बेसूर ओरडत होतो आणि पुंजाराम डोळे मिटून, हसतमुखाने वाजवत होता. त्याला ते ऐकूच येत नव्हते. कुणीतरी फिदीफिदी हसले. शेवटी ढोलकीवाल्याने त्याचा हात धरून थांबवला. पुंजारामने डोळे उघडले, सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि त्याला उमगले.

त्या संध्याकाळी त्याने मला मैनाबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि कपाटावर ठेवले.

मित्रांनो, कपाटावरची वर्षे फार लांब असतात. माझ्या तारा गंजल्या. दर दसऱ्याला मैनाबाई मला खाली काढायची, पुसायची, झेंडूचे फूल वाहायची. तेवढा वेळ पुंजाराम बाहेर जाऊन उभा राहायचा. तो निवृत्त झाला. कानाला यंत्र आले. त्यातून बोलणे थोडेफार कळायचे, पण गाणे लागले की पत्र्यावर खडे पडावेत तसा नुसता खडखडाट. तो टीव्हीचा आवाजच बंद करून टाकायचा.

तिकडे कासार गल्लीत, हे मला नंतर कळले, एक नवल घडत होते. समिधा नावाची एक चित्रकलेची शिक्षिका आहे. तिच्या वडिलांचे भांड्यांचे दुकान त्याच गल्लीत होते. एका रविवारी ती शाळेतल्या मुलांना घेऊन आली आणि त्या बंद शटरवर त्यांनी चित्रे काढली. कुठे सातपाटीच्या होड्या, कुठे भातलावणी, कुठे कारखान्यातून सुटलेले सायकलस्वार. पुढच्या रविवारी आणखी शटरे रंगली. लोक पाहायला येऊ लागले. लोक आले म्हणून एकाने चहाची टपरी टाकली. समिधाला वाटले, आता इथे संगीत हवे. ती भाड्याने स्पीकर आणायला निघाली, तेव्हा लाडकी मावशीने तिला अडवले. गल्ली ओस पडली तरी ही म्हातारी आपली पाटी घेऊन कोपऱ्यावर बसतच होती.

"डबे कशाला लावतेस, पोरी? त्ये तर हमरस्त्यावर बी हायेत. आमच्या गल्लीचा बेंजो हाय ना, सरावलीला! आमी त्याच्यावर नाचलोय."

दोघी सरावलीला आल्या. पुंजारामला सगळे दोनदा सांगावे लागले. ऐकून तो हात जोडून म्हणाला, "नाही जमायचं, पोरी. बहिऱ्याच्या हातात वाद्य म्हणजे लोकांना तमाशा. एकदा झाला तेवढा पुरे."

त्या निघून गेल्या. मैनाबाई स्टुलावर चढली. तिने मला खाली काढले, लुगडे सोडले आणि मला नवऱ्यासमोर ठेवले.

"अगं, कशाला काढलंस?"

ती त्याच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही वाजवायचं सोडलंत. पण मला येतं ना ऐकू! माझं घर का मुकं केलंत?"

इतक्या वर्षांत हे पुंजारामच्या मनातही आले नव्हते. पूर्वी तो रात्री घरी मला वाजवायचा तेव्हा भाकऱ्या थापताना ही बाई एकेक चाल गुणगुणत होती, हे मला ठाऊक होते. त्याला नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो पालघरला जाऊन नव्या तारा घेऊन आला. मग सुरू झाली दोघांची शिकवणी. तो खुंटी पिळायचा आणि मैनाबाई समोर बसून बोट वर करायची. आणखी. आणखी थोडं. बोट थांबले की त्याचा हात थांबायचा. कधी तार जास्त चढायची, मग ती तोंड वाकडे करायची आणि तो कपाळावर हात मारायचा. वाजवताना तो कोपर माझ्या लाकडाला टेकवून ठेवायचा. माझी थरथर त्याच्या हाडापर्यंत पोहोचायची. ताल चुकू नये म्हणून ती त्याच्यासमोर मांडीवर ठेका धरायची. सुरुवातीला आम्ही फार वाईट वाजलो, हे कबूल केले पाहिजे. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. तरी दोघे रोज बसत राहिले.

मैनाबाईने समिधाला होकार कळवला आणि कार्यक्रमाचा रविवार आला. गल्लीत सतरंज्या अंथरल्या होत्या. ओट्यावर पुंजाराम, बाजूला ढोलकी आणि ताशावाली दोन तरुण मुले, समोर पहिल्या रांगेत मैनाबाई. पुंजारामची बोटे गार पडली होती, ते मला पट्ट्यांवर कळत होते. मैनाबाईने मांडीवर पहिली थाप मारली आणि आम्ही निघालो. बरे चालले होते. म्हाताऱ्या बायका जुन्या हळदीच्या चाली ओळखून हसू लागल्या होत्या.

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी डीजेचा टेम्पो आला. मोठ्या रस्त्यावर कुठल्याशा दुकानाचे उद्घाटन होते. जमीन हादरली. शटरे खडखडली. ढोलकी थांबली, ताशा थांबला. लोकांनी माना वळवल्या, काहीजण उठूही लागले. समिधाचा चेहरा रडवेला झाला. माझा आवाज त्या गदारोळात मलाच ऐकू येईना.

पुंजाराम मात्र वाजवतच होता.

त्याने कानातले यंत्र आधीच काढून खिशात टाकले होते. त्याच्यासाठी काहीही बदलले नव्हते. त्याची नजर मैनाबाईच्या हातावर होती आणि मैनाबाईचा हात थांबला नव्हता. तिने मागे वळूनही पाहिले नाही. कोपऱ्यावरून लाडकी मावशी उठली, ओट्याजवळ आली आणि मैनाबाईच्या हाताकडे बघत टाळ्या वाजवू लागली. "बगताय काय? धरा ठेका!" ती ओरडली. एकाने धरला, दोघांनी धरला. उठलेले लोक बाहेर जायचे सोडून जवळ सरकले. ऐकू येईना, तर आम्हाला बघत सगळी गल्ली टाळ्या वाजवू लागली. ढोलकीवाल्यानेही पुन्हा हात घातला.

टेम्पो निघून गेला. आवाज विरला, आणि आमची चाल तिथेच होती. जागेवर, तालात. तेव्हा जो आरडाओरडा झाला, तो पुंजारामच्या कानांपर्यंत पोहोचला नाही. पण नाचणारी माणसे त्याला दिसत होती. त्याच्या डोळ्यांतले पाणी माझ्या पट्ट्यांवर पडले.

चाल संपल्यावर त्याने यंत्र पुन्हा कानात घातले आणि मैनाबाईला विचारले, "बरं वाजलं का?"

"मधे एकदा चुकलात!" ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. आधी गल्ली हसली, मग कळल्यावर पुंजाराम हसला. लोकांच्या हसण्याचे भय त्याच्या मनातून त्या क्षणी गेले.

मित्रांनो, कासार गल्लीतली सगळी दुकाने उघडली, असे मी सांगणार नाही. काही उघडली. बाकीच्यांवर चित्रे आहेत. पण दर रविवारी तिथे माणसे येतात आणि आम्ही दोघे, नव्हे तिघे, वाजवतो. तुमच्या घरात माळ्यावर एखादे वाद्य असेल तर त्याला खाली काढा, त्याची धूळ पुसा, नवी तार चढवा. आणि घरातले एखादे माणूस गप्प होऊन बसले असेल, तर ते असेच आहे म्हणून सोडून देऊ नका. त्याच्यासमोर जाऊन बसा आणि तुमच्या हाताने ठेका धरा. त्याला दिसेल असा.