गोदामाची जीभ

"ही गोळी बाबांना रोज एक द्यायची, जेवणानंतर," म्हणत सुनेने डबी माझ्यापुढे ठेवली.

"तुझ्या उंदरांचं उष्टं का?" मी विचारलं.

ती प्रयोगशाळेत उंदीर सांभाळते. लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं होतं, चला, आता घरात मांजर पाळायला नको. तेव्हा हे खो खो हसले होते. आता हे हसत नाहीत. दाराकडे बघत बसतात आणि मांडीवरचा हात थरथरत राहतो. परवा आपल्याच गल्लीत वाट चुकले.

गोदामात ह्यांना सगळे 'जीभ' म्हणत. शेंगदाण्याची गोणी आली की हे मूठ घालायचे, एक दाणा चावायचे आणि सांगायचे, ठेवा नाहीतर परत करा. बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधी ह्यांच्या जिभेला कळायची. त्या जिभेवर मालकाने नाव कमावलं. बाकीचे चाखणारे थुंकायचे, हे गिळायचे. आमचा माणूस अन्नावर थुंकत नाही, असं मी चारचौघींत ताठ मानेने सांगायची.

"आई, त्या बुरशीचं विष मेंदूपर्यंत जातं," सून म्हणाली. "लोखंडाला गंज चढावा, तसं काहीसं आत होतं. हे अँटिऑक्सिडंट तो गंज अडवतं. ज्या उंदरांना आम्ही विषाबरोबर हे दिलं, त्यांना खोक्यातल्या भुलभुलैयातली वाट सापडत राहिली. नुसतं विष खाल्लेले भिंतीला नाक लावून बसले."

"मग ह्यांनाही वाट सापडेल?"

तिने डबीचं झाकण उगाच घट्ट केलं.

"बोल की. उंदरांपुढे तर चुरूचुरू बोलत असशील."

"त्यांना विषाबरोबरच दिलं होतं, आई. मागाहून देऊन कोणी पाहिलेलं नाही आमच्याकडे. आणि बाबांचं दुखणं त्या दाण्यांचंच, हेही डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत."

"उंदरांचं नशीब बघ. विष कालवणाराच औषध घेऊन शेजारी उभा. ह्यांच्या मालकाने निवृत्तीच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यात किती वाजले, तेही ह्यांना आता कळत नाही." मी डबी उचलली. "उपयोग नाही तर आणलीस कशाला?"

"राहवलं नाही."



पाण्याचा पेला घेऊन मी ह्यांच्यापुढे बसले. "घ्या, गिळा."

ह्यांनी गोळी दोन बोटांत धरली, उजेडात फिरवली, नाकाशी नेली. तेवढ्यापुरता हात थरथरायचा थांबला. मग पुढच्या दातांनी ती फोडली आणि सावकाश चावली. तोंड कडवटलं.

"थुंका," मी पदर पुढे धरला. "थुंका हो."

ह्यांनी माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं.

"बाई, मालकांना सांगा, ही गोणी परत करा," हे म्हणाले, आणि गिळून टाकलं.

मग पुढच्या गोणीतल्या दाण्यासाठी हात पुढे केला.