प्रसीदाचा घोटा

तंकम्माचा डावा पाय मी आठ वर्षं दर शुक्रवारी धुते आहे. आमच्या केरळातल्या चेर्तल्यात असा सुजून खांब झालेला हत्तीपाय गल्लीगल्लीत आहे, आणि गल्लीगल्लीत तो झाकलेलाही आहे. मी ओमना, सरकारी दवाखान्याच्या गोळ्या वाटणारी बाई. पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, पट्टी बांधायची, एवढं मला येतं.

"आठ वर्षं धुतेस, अजून बारीक झाला नाही," तंकम्मा टोमणा मारायची. "साबण तरी बदल."

"साबण बदलते, तू जीभ बदल."

एकदा तिने विचारलं, एवढं पाणी पायात येतं तरी कुठून.

"सगळ्यांच्याच अंगात रक्तातून पाणी पाझरतं," मी म्हटलं. "ते उचलून वर छातीपाशी नेऊन परत रक्तात सोडायला बारीक नळ्या असतात. त्यांना हृदयासारखा पंप नाही. नळ्या स्वतः थोडं ढकलतात, बाकी तू चाललीस, पोटरी हलली, की पाणी वर सरकतं. वाटेत जांघेत गाठी असतात, तिथे जंतू अडवून मारले जातात. डासांनी आणलेल्या कृमींनी तुझ्या त्या नळ्याच नासवल्या. आता पाणी वर जाणार कसं?"

"राटाचं चाक फिरवत, काथ्या वळत बसून राहिले, तेच चुकलं माझं."

डास चावला त्यात तिचं काय चुकलं? पण ते तिला कधी पटलं नाही.

वर्षातून एकदा सगळ्या गावाने गोळ्या घ्यायच्या, दुखणं असो नसो, आणि त्या माझ्यासमोर गिळायच्या, असा नियम. तंकम्मा आधी लेकीला हाक मारायची. "प्रसीदाला पहिल्यांदा दे. माझं झालं ते झालं."

कॉलेजात जायला लागल्यापासून प्रसीदा ओसरीवर गोळ्या घेईना. अंगात कृमी असले की त्या गोळ्यांनी गरगरतं, ओकारी येते. मग समोरच्या बायका म्हणणार, बघा, आईचं दुखणं हिच्यातही आहे. "चेची, द्या माझ्याकडे, आत जाऊन घेते," ती म्हणायची. चेची म्हणजे ताई म्हणायची, पण मला ती पोटच्या पोरीसारखी. मी गोळ्या तिच्या हातात ठेवायचे आणि वहीत खूण करायचे. अशी तीन वर्षं. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. पहिल्याच वर्षी त्या मोरीत टाकताना मी तिला पाहिलं होतं.

या रविवारी तिला बघायला कोट्टयमहून पाहुणे यायचे होते. बाहेरची माणसं आमच्याकडची मुलगी बघायला आली, की चेहऱ्याआधी घोटे बघतात. एखादी म्हातारी "तुमची विहीर दाखव गं" म्हणते आणि पोरीला अंगणभर चालवते. तंकम्माने सगळं योजून ठेवलं होतं. ती स्वतः राटामागे बसणार होती, पायावर काथ्याचा ढीग ओढून.

शुक्रवारी गेले तर ती दारातच उभी.

"आज माझा राहू दे. हिला दोन दिवस ताप आहे. जांघेत गाठ दुखते म्हणते."

प्रसीदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी चादर सारली. उजवा पाय लाल, गरम. घोट्यावर अंगठा दाबला, तर पडलेला खळगा भरून येईना.

"लचकला असेल," तंकम्मा म्हणाली.

मी डावा घोटाही दाबून पाहिला.

"लचकलाच असेल. गोळ्या तर दरवर्षी घेते. तुझ्यासमोर घेते."

प्रसीदाने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मला पळून जावंसं वाटलं.

"नाही घेतल्या," मी म्हटलं. "तीन वर्षं. मला माहीत होतं."

तंकम्माने माझ्यापुढे हात पसरला. "आता दे गोळ्या," ती म्हणाली.

"आता आधी डॉक्टरकडे नेऊ. ताप उतरेल. औषधाने कृमींचाही बंदोबस्त होईल. रोज धुतलं, पट्टी बांधली, तर सूज आटोक्यात राहील. पण बिघडलेल्या नळ्या पूर्वीसारख्या होतील, असं मला सांगता येत नाही."

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती आत गेली, बादली घेऊन आली आणि स्वतःपुढे ठेवली. लेकीचा पाय मांडीवर घेतला, धुतला आणि एकेक बेचकी पुसायला लागली, मी शिकवलं होतं तसं. मी हात पुढे केला तो तिने कोपराने बाजूला सारला.

"रविवारी पाहुणे येतील," ती मान वर न करता म्हणाली. "ओसरीवर तू बस. पोरगी कुठे आहे विचारलं, तर तिचा पाय सुजलाय, तीन वर्षं गोळ्या घेतल्या नव्हत्या, हे तूच सांग. समोरच्या बायकांना ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यांदा सांग."

"बरं," मी म्हटलं.