डावीकडची नळी

"नॉर्मल कुठं आहे? अरे, नॉर्मल आली की नाही अजून?"

गणपतरावांची ही हाक नागपूरच्या धंतोलीतल्या त्या दवाखान्याच्या लॅबमधून रोज सकाळी व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जायची आणि बाकावर बसलेले पेशंट बिचारे एकमेकांकडे बघायचे. नॉर्मल हे काय माणसाचं नाव झालं? पण तिथं होतं. मॅट्रिक होऊन लॅबचा कोर्स केलेल्या, चाळिशीच्या गोपिकाबाई रामटेके म्हणजेच नॉर्मल. त्याही "आली, आली सर!" म्हणत छत्री कोपऱ्यात ठेवायच्या आणि बसल्या बसल्या बाही वर सारायच्या.

भानगड अशी होती. ऑपरेशनच्या आधी पेशंटचं रक्त किती लवकर गोठतं ते बघावं लागतं. रक्तातलं पिवळसर पाणी वेगळं काढायचं, त्यात सशाच्या मेंदूची भुकटी घालून नळी कोमट पाण्यात धरायची आणि हलकेच तिरपी करत राहायची. वाहायचं थांबलं की घड्याळ बंद. पण नुसत्या पेशंटवरून काय कळणार? म्हणून शेजारी एका धडधाकट माणसाचं रक्त लावतात. त्याचं चौदा सेकंदांत गोठलं आणि पेशंटचं पंधरा-सोळात, तर खुशाल चाकू चालवा. फारच लांबलं तर थांबा, नाहीतर टाके घातले तरी रक्त थांबायचं नाही. लाकडी स्टँडच्या डाव्या भोकात धडधाकटाची नळी, उजव्या भोकात पेशंटची. आणि डावीकडची नळी कित्येक वर्षं गोपिकाबाईंचीच होती.

त्यांचीच का? तर गणपतराव लॅबचे हेड खरे, पण स्वतःच्या दंडाजवळ सुई आली की त्यांना घेरी यायची. दुसऱ्यांच्या दंडात हजारो सुया खुपसणारा माणूस! बाकीचे आज आहेत तर उद्या नाहीत. गोपिकाबाई मात्र कधी रजेवर नसत. शिवाय त्यांना ते आवडायचं. दवाखान्याच्या पगारपत्रकात त्यांचं नाव धोब्याच्या आणि आयांच्या रांगेत, 'इतर नोकर' म्हणून. डॉक्टर लोक नुसतं 'बाई' म्हणत. पण सगळ्या दवाखान्याची मापं आपल्या रक्तावर चालतात, ही गोष्ट त्या मनात गुळाच्या खड्यासारखी घोळवत असत.

त्या शनिवारी भिवापूरच्या तुळसाबाईंचं रक्त आलं. पित्ताशयात खडे, डोळे पिवळे, सोमवारी सकाळी ऑपरेशन. नवरा धोंडबा लॅबच्या दारात लाल मिरच्यांचं गाठोडं घेऊन उभा. "बाई, घरच्या मिरच्या हायेत. तुमी ठेवून घ्या, पन माह्या बायकोचं रक्त नीट पाहा."

"मिरच्यांनी रक्त बदलत नाही बाबा," गोपिकाबाई हसून म्हणाल्या. "बसा थोडे."

तुळसाबाईंची नळी एकोणीसला गोठली. डावीकडची सतराला.

"सतरा?" गोपिकाबाई गोंधळल्या. "सर, मागच्या वर्षी तर मी चौदावर होते."

"भुकटी मऊ पडली असेल, जोर उतरला असेल," गणपतराव म्हणाले. भुकटी ते स्वतःच्या हातानं बनवत. अलीकडे ती सारखी मऊ पडत होती. उन्हाळ्यात उन्हानं, पावसाळ्यात ओलीनं, आणि आता थंडीनं. "दोन्ही नळ्यांत भुकटी तीच, मग फरक काय पडते? तुमच्यापेक्षा दोनच सेकंद जास्त. फिट लिहा."

त्यांनी फिट लिहिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, आणि त्या रविवारची गोपिकाबाई महिनाभर वाट बघत होत्या. नागपुरातल्या लॅबवाल्यांची एक संघटना निघाली होती आणि महाल भागातल्या एका शाळेत तिची पहिली सभा होती. इंदोरा वस्तीतल्या घरी त्यांनी ठेवणीतली निळी साडी काढली, तेव्हा मिलमधून रात्रपाळी करून आलेले त्यांचे यजमान शालिकराम चहा पिता पिता बघतच राहिले.

"युनियन होय का वं थे?"

"युनियन नाही. असोसिएशन."

"म्हंजे संप नाही करत?"

"नाही."

"मोर्चा?"

"नाही जी."

"मंग कायले जाऊन राहिली?" शालिकराम खरोखरच चक्रावले. त्यांच्या हिशेबात झेंडा नाही ती कसली संघटना!

"तिथं माह्या नावापुढं तंत्रज्ञ लिहिनार हायेत," गोपिकाबाई म्हणाल्या, आणि एवढं म्हणताना त्यांना एकदम लाज वाटली. "इतर नोकर नाही."

शालिकरामांनी कपबशी खाली ठेवली. म्हणाले, "पाय सुजले दिसते तुहे. रिक्शा करजो."

शाळेच्या प्रयोगशाळेत वीस-पंचवीस मंडळी जमली होती. संघटनेचे सेक्रेटरी मधुकरराव, दुसऱ्या एका दवाखान्यातले, भारी उत्साही माणूस. त्यांनी दारातच गोपिकाबाईंना पत्र्याचा बिल्ला दिला, त्यावर मायक्रोस्कोपचं चित्र. मोठ्यानं नाव वाचलं, "गोपिका रामटेके, तंत्रज्ञ!" बाईंनी बिल्ला पदराला लावला आणि उगाचच दोनदा नीट केला.

भाषणं थोडक्यात आटोपली. मग मधुकरराव म्हणाले, "मंडळी, नुसते हार घालून काय होते? आपल्या दर लॅबचं माप वेगळं. म्हणून आज एक गंमत करू. प्रत्येक लॅबच्या नॉर्मलचं रक्त इथंच काढू अन् एकाच भुकटीवर लावू. मी मुंबईहून बाटली मागवली आहे."

गणपतरावांच्या कपाळावर आठी आली. "मुंबईची कशाला? मी माझी आणली आहे." आणि खरंच, खिशातून त्यांनी कागदात गुंडाळलेली शिशी काढली. सगळे हसले.

सहा लॅबचे सहा नॉर्मल बाकावर बसले. कुणी जाडा, कुणी हडकुळा, एक जण तर सर्दीनं शिंकत होता. रक्त काढलं, स्टोव्हवर पाणी कोमट झालं, नळ्या तिरप्या होऊ लागल्या. मुंबईच्या भुकटीवर जाड्याचं तेराला, हडकुळ्याचं चौदाला, शिंकणाऱ्याचंही चौदाला. गोपिकाबाईंच्या नळीतलं पाणी मात्र आपलं इकडून तिकडे वाहतंच आहे. सतरा.

मग काय विचारता! एकच गलका झाला. एक म्हणे घड्याळ अडकलं, दुसरा म्हणे पाणी थंड झालं, तिसऱ्यानं सुईवर शंका घेतली, चौथ्यानं नळी धुणाऱ्यावर. गोपिकाबाईंचं पुन्हा रक्त काढलं. नवीन सुई, नवीन नळी, दुसरं घड्याळ. सतरा.

"आता माझ्या भुकटीवर लावा," गणपतराव म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. आपली भुकटी आज चारचौघांत उघडी पडणार, ही धास्ती त्यांना सकाळपासूनच असावी. पण जाड्याचं तेरा आलं. हडकुळ्याचं चौदा.

"पाहा!" गणपतराव लहान पोरासारखे ओरडले. "पाहा, शंभर नंबरी! कोण म्हणते मऊ पडली?"

कोणीच म्हणत नव्हतं. म्हणणारे तेच होते. टाळ्या वाजल्या, आणि त्या वाजत असतानाच गणपतरावांचा हात खाली आला. त्यांनी वळून गोपिकाबाईंकडे पाहिलं.

भुकटी चांगली होती.

गोपिकाबाईंना काही उमगेना. आपल्याला तर काही झालेलं नाही. सकाळी भाकरी थापून, पाणी भरून आलो आपण. बिघडलंय काय मग? थकवा येतो, तो कुणाला येत नाही? मग आठवलं, धाकट्या मुलीच्या जन्माच्या साली झालेली कावीळ. काचेच्या बारीक नळीनं रक्त तोंडानं ओढायचं, तेच शिकवलेलं, सगळे तसंच ओढत. एकदा पेशंटचं रक्त घोटभर तोंडात आलं होतं. थुंकून, चूळ भरून त्या पुन्हा कामाला लागल्या होत्या. पुढं कावीळ झाली, बरीही झाली. बरी झाली असं सगळेच म्हणाले होते.

आणि एकदम त्या उठून उभ्या राहिल्या. "सर! तुळसाबाई!"

"कोण तुळसाबाई?"

"कालची, भिवापूरची! तिचं एकोणीस आलं अन् आपण माझ्या सतरावर फिट लिहिलं! चौदाशी धरलं त पाच सेकंद जास्त! उद्या सकाळी घेतात न तिला टेबलवर!"

गणपतरावांनी रुमालानं मान पुसली. "सकाळी पाहू ना. लवकर येऊ, पुन्हा लावू. आज रविवारी डॉक्टरांच्या घरी जाऊन काय सांगणार? लॅबची इज्जत..."

"अन् सकाळी उशीर झाला त?"

मधुकररावांनी उगाचच नळ्या आवरायला घेतल्या. बिचाऱ्यानं गंमत म्हणून योजलं होतं. गोपिकाबाई दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. त्यांच्या डोक्यात त्या घडीला काय काय चाललं होतं कोण जाणे, पण त्यांनी विचारलं ते हेच.

"मधुकरराव, मी सभासद राहीन ना? का बिल्ला परत करू?"

"अहो, काय बोलून राहिल्या बाई!" मधुकरराव म्हणाले. "नॉर्मल असलं पाहिजे, अशी अट नाही आपली."

सायकलरिक्षा महालाच्या गल्ल्यांतून बाहेर पडेपर्यंत गणपतराव मागून धापा टाकत आले आणि शेजारी चढून बसले. रिक्षा धंतोलीकडे वळली.

सर्जन डॉक्टर बंगल्याच्या बागेत खुर्ची टाकून पेपर वाचत होते. गणपतरावांनी घसा साफ केला, पुन्हा केला, शेवटी गोपिकाबाईच बोलल्या. "साहेब, उद्याच्या तुळसाबाईचा रिपोर्ट चुकला. ऑपरेशन करू नका."

"चुकला म्हणजे? पेशंटचं रक्त बदललं का?"

"नाही. नॉर्मल चुकला."

"नॉर्मल कसा चुकेल?" डॉक्टर वैतागले. "नॉर्मल कोण होता?"

"मी, साहेब."

डॉक्टरांनी पेपर बाजूला ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते बाईंकडे नीट बघत असावेत. उठून त्यांनी बाईंची खालची पापणी अंगठ्यानं ओढली, मग पायांकडे पाहिलं, घोट्यावर बोट दाबलं. बोटाचा खळगा तसाच राहिला. 

"बसा बाई," ते म्हणाले. त्या बंगल्यात त्यांना बसा म्हणणारं आजवर कोणी नव्हतं.

ऑपरेशन पुढं ढकललं. तुळसाबाईंना रक्त गोठायला मदत करणारी इंजेक्शनं सुरू झाली आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीच इंजेक्शनं गोपिकाबाईंनाही. डॉक्टर म्हणाले होते, खड्यांची कावीळ असली तर यानं रक्त ताळ्यावर येतं. लिव्हरच खराब झालं असेल तर मात्र येत नाही. हे त्यांनी सरळ सांगितलं, आणि बाईंनीही सरळ ऐकलं. घरी शालिकरामांना मात्र त्यांनी एवढंच सांगितलं, की असोसिएशनवाले तपासणी फुकट करून देतात. "मंग झेंड्याची काई गरज नाही," शालिकराम म्हणाले. त्यांना ती संघटना पहिल्यांदाच पटली.

गुरुवारी सकाळी गणपतरावांनी सवयीनं हाक मारली, "नॉर्मल आली का..." आणि पुढचं गिळून टाकलं. गोपिकाबाई आलेल्याच होत्या. पदराला बिल्ला होता. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं.

"बसा सर. बाही वर करा."

गणपतराव बसले. तोंड भिंतीकडं केलं, डोळे घट्ट मिटले, कपाळाला दरदरून घाम फुटला, पण दंड हलवला नाही. "झालं का?" त्यांनी विचारलं, तेव्हा बाईंनी कापूससुद्धा लावून टाकला होता.

डाव्या भोकात गणपतरावांची नळी. उजवीकडे दोन, एक तुळसाबाईंची आणि एक गोपिकाबाईंची. गणपतराव घड्याळ धरून बसले. नळी तिरपी करणारा हात गोपिकाबाईंचाच होता. तो हात त्या दुसऱ्या कुणाला द्यायला तयार नव्हत्या.

डावीकडची चौदाला थांबली. तुळसाबाईंची पंधराला. "फिट!" गणपतराव म्हणाले, आणि या वेळी ते खरं होतं.

मग तिसरी नळी. बाई ती तिरपी करत राहिल्या. पाणी इकडून तिकडे, तिकडून इकडे, निवांत वाहत होतं. चौदा गेले, पंधरा गेले. गणपतराव घड्याळाकडे बघेनात. नळी गोठली, तेव्हा काटा पुन्हा सतरावर आला होता.

 गणपतराव आपल्या शिशीकडे बघत होते. मग ते हळूच म्हणाले, "भुकटी... भुकटी मऊ पडली असेल, बाई. थंडी आहे ना."

गोपिकाबाईंचे डोळे भरून आले. सतराचा आकडा बघून आले नव्हते ते आता आले.

"नाही सर," त्या म्हणाल्या. "भुकटी चांगली आहे."

त्यांनी आपली नळी उजव्या रांगेत, तुळसाबाईंच्या शेजारी उभी केली. पदरानं डोळे पुसले, बिल्ला सरळ केला, आणि बायकोचं ऑपरेशन आता करता येईल हे धोंडबाला सांगायला त्या व्हरांड्यात गेल्या.