शेवटचा घोट

मित्रांनो, आज माझी कल्हई उडाली आहे आणि काठाला पोचा पडला आहे. पण निजामाच्या राज्यात मी वाटूरजवळच्या एका लहान चर्चमधला प्रभुभोजनाचा प्याला होतो. जालन्याच्या एका तांबटाने मला घडवले. मनुका उकळून काढलेला रस माझ्यात भरत. येशूच्या रक्ताची आठवण म्हणून सगळे माझ्यातूनच एकेक घोट घेत. उरलेला रस शेवटी पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने प्यायचा, थेंबही टाकायचा नाही, असा नेम होता.

पाळक पुंजाराम भला माणूस. कॉलऱ्याच्या साथीत त्याने परक्यांची ओकारी उपसली होती. "पाप बाहेरून चिकटत न्हाई, ते आपल्या आतच असतं," असे तो सांगे. लोक माना डोलावत.

एका वर्षी गावातली गोजरबाई महारोग्यांच्या दवाखान्यातून बरी होऊन परतली. तिची बोटे झडली होती.

"गोजरे, मागं बस," शेजारची नंदाबाई म्हणाली. "बोटं तिकडं ठिवून आलीस, आता रोग हितं ठिवू नको."

"डाक्तरनं बराबर तपासलंय. तुझी जीभ कशी झडंना, तेच नवल!"

गोजरबाई सगळ्यांच्या मागे, शेवटच्या जागी बसली. पुंजाराम मला घेऊन तिच्यापुढे आला. तिने तोंड वर केले. तिच्यानंतरचा घोट त्यालाच प्यायचा होता. त्याची बोटे माझ्याभोवती आवळली.

"संपलं, बाई."

तिने आत डोकावले. "हाये की, पाळकसाहेब."

त्याने पाठ फिरवली आणि तो रस पिऊन टाकला.

"मंग देवाघरी बी असंच सांगतील का वो?" तिने विचारले.

पुढच्या प्रभुभोजनाआधी तो गुडघे टेकून रडला. मला वाटले, आता तिला माझ्यातूनच घोट देईल. त्याने तिच्यासाठी मातीची वेगळी वाटी आणली, आणि ती फार मायेने पुढे केली. गोजरबाईने वाटी खाली ठेवली आणि ती निघून गेली. पुन्हा आली नाही.

उन्हाळ्यात ती वारली. तिला शिवायला कोणी तयार होईना. पुंजारामने एकट्याने खड्डा खणला, तिला कडेवर घेतल्यासारखे उचलून आत ठेवले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. जे कोणाच्या तोंडाशी न्यायचे असेल, ते तो जिवंत असताना न्या. पुंजारामला एवढेच जमले नाही, आणि आमच्या गावात त्याच्याइतका चांगला माणूस दुसरा नव्हता.