कुंडलिकरावांच्या सीटखाली

मित्रांनो, मी एक जुना पिवळा दिवा आहे. बोटाच्या पेराएवढा. एका पांढऱ्या पेट्रोल व्हॅनच्या स्टिअरिंगमागे, वेग दाखवणाऱ्या काट्याच्या शेजारी मला बसवलं होतं. इंजिनात काही बिघडलं की पेटायचं, एवढंच माझं काम. संशय घेणं हाच माझा धंदा म्हणा ना! पण नेमकं काय बिघडलं ते मला सांगता येत नाही, आणि त्यापायीच एका भल्या माणसावर बालंट आलं.

व्हॅन पासलीच्या कुंडलिकरावांची. चालवायचे अय्युबभाई. ते मूळचे भोरचे, पण आई रहमतबींना घेऊन वेल्ह्यात खोली करून राहिलेले. वेल्हे ते भोर सवाऱ्या न्यायच्या आणि संध्याकाळी गाडी खोलीसमोर लावायची, असं दोन वर्षं छान चाललं. अय्युबभाई रोज सकाळी फडक्यानं माझ्यावरची काच पुसायचे. मी कधी पेटलो नाही.

२००४ च्या दिवाळीनंतर कुणीतरी कुंडलिकरावांच्या कानाशी लागलं, की ड्रायव्हर लोक पेट्रोल काढून विकतात. झालं! "आजपास्नं गाडी माझ्या दारात लावायची," त्यांनी फर्मान काढलं. मग व्हॅन पासलीला, भाताच्या पेंढ्याच्या गंजीला टेकून उभी राहू लागली. अय्युबभाई पहिल्या एसटीनं यायचे.

पंधरवड्यात मी पेटलो. पेट्रोलही भसाभस जाऊ लागलं. लिटरला चौदा किलोमीटर जाणारी गाडी दहावर आली.

कुंडलिकरावांनी वाकून मला पाहिलं. माझं चित्र आहे इंजिनाचं, पण दिसतं नळासारखं. "ह्यो बघ नळ! गाडीच सांगतीया, कुणीतरी पेट्रोल काढतंय!"

"मालक, त्यो इंजिनाचा दिवा हाय. फिटरला दावू," अय्युबभाई म्हणाले.

"व्हय, म्हंजी फिटर बी तुझाच!"

त्याच दिवशी कुंडलिकराव वेल्ह्याला अय्युबभाईंच्या खोलीत चपलांसकट शिरले आणि रहमतबींच्या खाटेखाली वाकून पेट्रोलचा कॅन शोधू लागले. म्हातारी खाटेवरून उठली. "आमच्यात चोरी न्हाई हो, दादा," एवढंच म्हणाली. कॅन काही सापडला नाही, पण शेजारीपाजारी दारात जमले होते. दारासमोर उभ्या गाडीतून मला सगळं दिसत होतं. माझी मलाच लाज वाटली.

मग पहारा सुरू झाला. टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि कुंडलिकरावांनी शेजारच्या सीटवर ठाण मांडायचं. अय्युबभाई चहाला उतरले की हे टाकीच्या टोपणाजवळ उभे! आठवडाभर डोळ्यांत तेल घालून बसले, तरी पेट्रोल तेवढंच जाई. पंपवाल्यावर संशय घेऊन झाला. शेवटी स्वतःच्या पसंतीचा भोरचा फिटर गाठला.

फिटरनं स्टिअरिंगखाली यंत्राची वायर जोडली आणि पडद्यावरचा बिघाडाचा आकडा वाचला. "धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरची खबर इंजिनाला मिळत न्हाई. म्हणून ते अंदाजानं जादा पेट्रोल पितंय. उतरा जरा, इंजिन तुमच्या सीटखालीच हाय."

सीट उचलली, तर खाली उंदराचं घरटं! सेन्सरची वायर पार कुरतडलेली. फिटरनं मूठभर पेंढा बाहेर काढला. कुंडलिकरावांनी तो हातात घेतला. त्यात त्यांच्याच भाताच्या लोंब्या होत्या. गंजी त्यांची, आणि गाडी तिला टेकून लावायला सांगणारेही तेच.

वायर जोडली, मी विझलो. कुंडलिकराव खाली मान घालून म्हणाले, "अय्युब, चुकलं माझं. गाडी आता तुझ्याच दारात लाव."

"लावीन. पर चुकलं म्हून मला नगा सांगू, मालक. माझ्या आईला सांगा."

वेल्ह्यात कुंडलिकरावांनी या खेपेला चपला दाराबाहेर काढल्या. ते रहमतबींच्या पायांशी वाकले, तोच तिनं त्यांना धरलं. "पाया नगा पडू, दादा. ज्यांच्या म्होरं शोधलंत त्यास्नी सांगा, काय घावलं ते."

शेजारी जमलेच होते. कुंडलिकराव त्यांच्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उंदीर घावला. माझ्याच सीटखाली."

ती व्हॅन आता मोडीत गेली. मी भोरच्या गॅरेजात एका फळीवर धूळ खात पडलोय. मित्रांनो, माझं एवढं ऐका. दिवा पेटला तर त्याच दिवशी गाडी दाखवा, दुर्लक्ष करू नका. पण कुणाच्या खाटेखाली वाकण्याआधी आपली सीट उचलून बघा.